पहाटे पाचचं पुस्तक आणि शेकूची बायको

घाटघरच्या आम्ही बाया आज पुस्तकांवर बोलणार आहोत. आम्ही काही पंडित नाही. गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, की अर्धा-पाऊण तास एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढंच आमचं वाचन. ऐकतानाही हात रिकामे नसतात, कुणाच्या पुढ्यात तांदळाचं सूप असतं, तर कुणाच्या मांडीवर पोर. आवणीच्या दिवसांत तेही बंद.

आमच्याकडं दोन तऱ्हेची पुस्तकं येतात. गावातली पोरं पुण्याला कंपनीत जातात, ती यशाची पुस्तकं आणतात. श्रीमंत कसं व्हावं, सवयी कशा लावाव्यात, मन कसं जिंकावं. दुसऱ्या कथा-कादंबऱ्या. त्या बहुतेक शाळेतून किंवा कुणाच्या तरी माळ्यावरून येतात.

रॉबिन शर्मा यांचं २०१८ सालचं एक पुस्तक आहे, ‘द फाइव्ह ए.एम. क्लब’. पहाटे पाचला उठा, असं त्यात सांगितलंय. पहिली २० मिनिटं व्यायाम, पुढची २० मिनिटं शांत बसून विचार, नंतरची २० मिनिटं अभ्यास. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, “पाचला? म्हणजे दिवस निम्मा झाल्यावर?” सगळ्या पोट धरून हसलो. आपण चारलाच उठतो. पाणी, चूल, गोठा, भाकरी. त्या पुस्तकातला माणूस पहाटे तासभर स्वतःजवळ बसतो, तेव्हा त्याचा चहा कोण ठेवतं, हे काही त्यात सापडलं नाही. सल्ला वाईट नाही. ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे, त्याला दिलेला आहे, इतकंच.

‘रिच डॅड पुअर डॅड’ मात्र आम्हाला निम्मं पटलं. रॉबर्ट कियोसाकी या अमेरिकन माणसाचं हे पुस्तक १९९७ साली आलं. तो म्हणतो, पैसे हातात आले की आधी स्वतःसाठी बाजूला काढा, मग बाकीच्यांची देणी द्या. अहो, आपला बचत गट दुसरं काय करतो? किराणा, औषध, पाहुणे, सगळं भागवून उरलेलं टाकू म्हटलं असतं, तर गटाची पेटी आजही रिकामी असती. आधी हप्ता, मग बाकीचं. पुढं तो म्हणतो, खिशात पैसे आणते ती खरी मालमत्ता, खिशातून पैसे नेतं ते देणं. हेही बरोबर. भाताचं खाचर, हिरड्याची झाडं, शेळ्या, सगळं आम्ही या मापानं मोजून पाहिलं. मोजता मोजता एकीनं विचारलं, “पण यातलं आपल्या नावावर काय आहे?” सगळ्या गप्प. हिरडा वेचायला आपण, वाळवायला आपण, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. या प्रश्नाचं उत्तर अमेरिकन पुस्तकात नाही, आपल्या तलाठ्याकडं आहे. सरकारनं १९९२ साली ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून योजना काढली. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला, तर बायकोचं नाव त्याच्या नावासोबत सातबाऱ्यावर लागतं. अर्ज त्यानं करायचा आहे, ही खरी मेख आहे. त्याचं मन कसं वळवायचं, यावर कुणी पुस्तक काढलं तर आम्ही चार प्रती घेऊ.

आता जरा बोचणारं बोलतो. आमच्यातल्या एकीची लेक पोलीस भरतीला दोनदा उतरली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. तिनं असली पाच-सहा पुस्तकं वाचलेली. तुमच्या यशाला तुम्हीच जबाबदार, अपयशालाही तुम्हीच, कारणं सांगू नका. पोर दोन महिने कुणाशी धड बोलली नाही. तिला सराव करायला मैदान नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने इथं धुक्यात समोरचं माणूस दिसत नाही, पळणार कुठं? वर घरात आजारी आजी. हे सगळं खरं होतं. पण खरं सांगितलं की ते कारण ठरतं, आणि कारण सांगणारा म्हणे हरणारा. अशा पुस्तकांचा आम्हाला राग येतो तो इथं. हिंमत देता देता ती माणसाच्या डोक्यावर गुन्हा ठेवून जातात.

त्याच दिवसांत आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचत होतो. १९५५ सालची कादंबरी, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची. तिथं एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, लोकांना धरून तालीम उभी करतो. त्यात शेकू नावाचा धनगर आहे. पेरणीची वेळ, त्याच्याकडं बैल एकच. दुसरा कुठून मिळत नाही. शेवटी त्याची बायको बैलाच्या जोडीला जू खांद्यावर घेते.

हे वाचल्यावर त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही. दोघी-तिघी म्हणाल्या, बाई असावी तर अशी, जिद्दीची. बाकीच्या भडकल्या. “जिद्द कसली? बैल कुणी दिला नाही म्हणून तिनं मान घातली. उद्या हाच धडा होईल, की बघा, बाई असली की बैलाची गरज नाही.” भांडणच झालं म्हणा ना. ती भरतीवाली पोर कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “तिची ताकद कमी पडली असती, तर दोष तिचाच म्हटला असता का?” दोन महिन्यांनी ती चारचौघींत बोलली ती ही. पुढं दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. त्यात मास्तर कमी पडला की धनगर आळशी, असं माडगूळकर कुठंच म्हणत नाहीत. पाऊस आला नाही, एवढंच दाखवतात.

‘श्यामची आई’ या दोहोंत कुठं बसवायचं, यावर आमचं एकमत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. शिकवण आहे, आणि गोष्टही आहे. दिवाळीच्या गोष्टीत आई भाऊबिजेला आलेल्या पैशातून नवऱ्याला धोतर आणवते, कारण त्याचं फाटलंय. ऐकताना डोळ्यांना पदर लागलाच. तरी एक सून हळूच म्हणाली, “तिच्या लुगड्याचं कुणी बघितलं का?” सासू समोरच बसली होती, पण रागावली नाही. लेकरांना हे पुस्तक जरूर वाचून दाखवा. मुलग्यांना आधी.

कादंबऱ्यांवर आमच्यातल्या काहींचा रागही आहे, तो सांगायला हवा. दुःख ऐकून पोट भरत नाही, घरी ते आहेच, असं त्या म्हणतात. त्यांना हिशेबाचं, धंद्याचं, कामाचं पुस्तक हवं असतं, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून आम्ही पाळी लावली आहे. एक महिना सल्ल्याचं, एक महिना गोष्टीचं. सल्ल्याचं वाचताना दर पानाला विचारायचं, हे करायला वेळ कुणाचा, पैसा कुणाचा, आणि तेवढ्यात घरचं कोण बघणार? उत्तर बसलं तर घ्यायचं. नाही तर पान उलटायचं.

पुढच्या पाळीला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. ती कादंबरी नाही, त्यांचं स्वतःचं आयुष्य आहे. त्यांना वाचायला शिकवलं ते लग्नानंतर नवऱ्यानं. आमच्यातल्या चौघी सध्या अक्षरं गिरवताहेत, त्यांनी हट्टानं हेच निवडलंय. पुस्तक जाड आहे, भात काढणीच्या आत संपायचं नाही. वाचायला या वेळी ती भरतीवाली पोर बसणार आहे. तिचा आवाज मोठा आहे, मागे बसलेलीलाही नीट ऐकू जातो.