चुकीवरून शिकणारे यंत्र

(घोडेगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशी नोकरीस गेलेल्या मुलाशी फोनवर बोलताना आपलाच आवाज क्षणभराने परत कानावर यावा, हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांनी घेतला असेल. हाच प्रतिध्वनी.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात आर्वी येथे 1970 च्या दशकाच्या आरंभी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. असे दळणवळण उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. म्हणून प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने परत येतो आणि बोलणारा अडखळतो. पूर्वी यावर उपाय असा, की एकजण बोलू लागला की दुसऱ्याची वाट बंद करायची. त्यात मध्येच बोललेला शब्द तुटत असे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1960 च्या दशकात निराळा मार्ग निघाला. त्या संशोधकांत मनमोहन सोंधी होते; दिल्ली विद्यापीठात आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले.

त्यांच्या यंत्राची रीत ऐका. यंत्राजवळ आकड्यांची यादी असते. आवाज किती उशिराने व किती क्षीण होऊन परत येतो, हे ती सांगते. आरंभी सारे आकडे शून्य! यंत्र यादीवरून प्रतिध्वनीचा अंदाज बांधते व तो वजा करते. वजाबाकीनंतर जो प्रतिध्वनी उरतो, ती चूक. त्या चुकीच्या प्रमाणात प्रत्येक आकडा किंचित दुरुस्त होतो. दुरुस्तीचा असा सोपा नियम विड्रो आणि हॉफ यांनी 1960 साली मांडला होता.

गोंगाटालाही हीच रीत लागू पडते. कांदा मार्केटात लिलावाच्या गलक्यात फोन आला, तर एक मायक्रोफोन तोंडाजवळचा आणि दुसरा मुख्यतः गलका ऐकणारा. दुसऱ्यावरून अंदाज करून पहिल्यातून वजा करायचे. 1975 साली विड्रो व सहकाऱ्यांनी याच रीतीने आईच्या हृदयाचे ठोके वजा करून पोटातील बाळाचे ठोके स्पष्ट करून दाखवले.

आता हिशेब. सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुने आणि यादीत 1,000 आकडे. प्रत्येक नमुन्याला अंदाजासाठी 1,000 व दुरुस्तीसाठी 1,000 गुणाकार. म्हणजे सेकंदाला 1 कोटी 60 लाख! म्हणून नमुने गठ्ठ्याने हाताळून गुणाकार वाचवण्याच्या युक्त्या गणितज्ञांनी शोधल्या. हे काम आता खिशातल्या लहान यंत्रालाही झेपते.

पण खरी खुबी दुरुस्तीच्या मापात आहे. माप फार मोठे ठेवले, तर यंत्र बिथरते आणि चूक वाढतच जाते. फार लहान ठेवले, तर शिकायला उशीर होतो. दोन्हीकडची माणसे एकदम बोलू लागली, तर दुरुस्ती थांबवावी लागते. नाहीतर ते भलतेच शिकते.

पालकहो, गणितात गुण कमी पडले म्हणून मुलीचे शिक्षण दहावीलाच थांबवणे, हे दुरुस्तीचे फार मोठे माप झाले. चुकलेले उदाहरण तिच्यापुढे ठेवा, चूक कोठे झाली ते तिलाच शोधू द्या आणि पुन्हा सोडवायला सांगा. घरात सर्वांनी एकदम बोलू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, शून्यापासून सुरुवात करण्याची लाज बाळगू नका. यंत्रही तेथूनच सुरुवात करते.