उद्याननगराची जमीन कोणाची?

उद्याननगर म्हटले की सावलीचे रस्ते आणि मेंदीची कुंपणे डोळ्यांपुढे येतात. परंतु एबेनेझर हॉवर्ड यांना सोडवायचा होता तो जमिनीचा प्रश्न. लंडनच्या पार्लमेंटात लघुलेखक असलेल्या या गृहस्थांनी १८९८ साली आपली योजना पुस्तकरूपाने मांडली. शेतीच्या भावाने ६,००० एकर जमीन घ्यावी, १,००० एकरांत नगर वसवावे, उरलेल्या जमिनीत शेती ठेवावी. एकूण वस्ती ३२,०००. जमीन विश्वस्तांच्या हाती राहील, ती विकली जाणार नाही. वस्तीमुळे जमिनीचे मोल वाढते. मग ती वाढ जमीनदाराने का खावी? खंडातून कर्ज फिटल्यावर उरणारा पैसा नगराच्या सोयींवर आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनावर खर्च व्हावा, असा हा हिशेब होता.

१९०३ साली लेचवर्थ येथे ३,८१८ एकरांवर प्रयोग सुरू झाला. भांडवल भागधारकांकडून घ्यावे लागल्याने मालकी विश्वस्तांऐवजी कंपनीकडे गेली. नफावाटपावर ५ टक्क्यांची मर्यादा घातली खरी. पण तडजोड ती तडजोडच.

लेचवर्थचे एक आराखडाकार रेमंड अन्विन समाजवादी होते. १९०७ पासून त्यांच्याच आराखड्यानुसार लंडनजवळ हॅम्पस्टेड उद्यान-उपनगर उभे राहिले. सर्व वर्गांनी शेजारी शेजारी राहावे, ही हेन्रिएटा बार्नेट यांची इच्छा होती. मात्र तेथे ना कारखाने होते, ना शेती. आज तेथील घरे अतिश्रीमंतांनाच परवडतात. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, एकरी बारा घरे हे अन्विन यांचे प्रमाण पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या नगरपालिकांनी स्वीकारले आणि असंख्य कामगार कुटुंबांना अंगणाचे घर मिळाले.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत रुंद रस्ते, झाडी आणि मध्यमवर्गाच्या वसाहती आल्या. गिरणी कामगार मात्र चाळीतल्या एका खोलीतच राहिला.

लेचवर्थची कसोटी १९६० च्या अखेरीस लागली. बाहेरच्या एका कंपनीने भाग विकत घेऊन अख्ख्या नगराच्या जमिनीवर ताबा मिळवला. रहिवासी खवळले, प्रकरण पार्लमेंटात गेले, आणि १९६२ च्या कायद्याने ही मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ पासून ती एका लोकहितार्थ संस्थेकडे आहे. तिचे उत्पन्न आजही त्याच नगरावर खर्च होते.