फोन तिचा, नियम कोणाचा?

(छोट्या दुकानांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



कामाच्या जागेचे प्रश्न म्हटले की आपण पगार, सुट्टी, संडास यांविषयी बोलतो. बोललेच पाहिजे. आज मात्र मला मुठीत मावणाऱ्या एका वस्तूविषयी बोलायचे आहे. मोबाइल फोन. तो तुम्ही तुमच्या पैशाने घेतलेला, रिचार्जही तुमचाच. पण कामावर त्याचा नियम कोण ठरवतो?

कापडाचे दुकान घ्या, ब्युटी पार्लर घ्या, खाजगी दवाखाना घ्या, नाहीतर शिवणकामाचा छोटा कारखाना. सकाळी आल्याबरोबर फोन गल्ल्याशेजारच्या खणात. हातात दिसला तर दंड. संध्याकाळी घरी पोचल्यावर मात्र तोच फोन मालकाचा होतो. उद्याची पाळी व्हॉट्सॲपवर, मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर, रात्री दहाला 'लगेच कळव'. गिऱ्हाइकाला नंबर द्यायचा तोही बाईचाच. म्हणजे कामाच्या वेळेत फोन तिचा नाही, आणि तिच्या वेळेत फोन कामाचा! याला नियम म्हणत नाहीत, मर्जी म्हणतात.

नियमच नकोत असे आपले म्हणणे नाही. मशीनवर लक्ष उडाले तर सुई बोटात जाते. रुग्णाचे कागद किंवा पार्लरमध्ये आलेल्या बाईचा फोटो कोणाच्या खाजगी फोनमध्ये असू नये, हेही खरे. मालकाचे हे म्हणणे आपण मान्य करू. पण मग नियम दोघांनाही लागू हवा.

बाईच्या बाबतीत हा प्रश्न दुकानाच्या दारापाशी संपत नाही. रात्री अनोळखी पुरुषाचा मेसेज आला, तर तो गिऱ्हाईक आहे हे नवऱ्याला आणि सासूला पटवायचे कोणी? आधी संशय, मग फोन तपासणे, मग मारहाण, आणि शेवटी 'सोड ती नोकरी'. मालक म्हणतो, हा तिच्या घरचा प्रश्न. पण नंबर तर त्यानेच वाटला होता!

याची दुसरी बाजूही पाहा. ज्या बाईचा फोन घरी नवरा तपासतो, तिला १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा आपल्या केंद्राला फोन करायला कामावरची मधली सुट्टीच काय ती मोकळी असते. तेवढा वेळही फोन खणात कुलूपबंद असेल, तर तिने बोलायचे कधी?

कायदा काय म्हणतो? मनाला येईल तसा दंड कापता येत नाही. वेतन संहितेनुसार दंड आधी जाहीर केलेल्या कारणांसाठीच करता येतो, तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा छोट्या जागांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या माणसांपासून, म्हणजे गिऱ्हाइकापासूनही, संरक्षण देणे ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणून घाणेरडे मेसेज पुसून टाकू नका, जपून ठेवा.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आला. पण त्याविषयी वाटाघाटी करण्याचे बंधन तिथेही ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांवरच आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे पाच-सहा बायकांच्या दुकानात हा नियम आपल्यालाच करून घ्यावा लागणार.

तो कसा असावा? चर्चेसाठी काही मुद्दे ठेवते.

१. नियम सर्वांनी बसून ठरवावा, मराठीत लिहावा, भिंतीवर लावावा. मालकाच्या भावालाही तोच लागू.

२. मशीनवर आणि गिऱ्हाईक समोर असताना फोन बंद. मधल्या सुट्टीत ज्याचा त्याच्या हाती.

३. शाळा, पाळणाघर, आजारी माणूस यांच्या निरोपासाठी दुकानाचा एक नंबर घरी देता यावा, आणि निरोप लगेच पोचवावा.

४. गिऱ्हाइकांसाठी दुकानाचा वेगळा फोन. कोणत्याही बाईचा नंबर तिला विचारल्याशिवाय देऊ नये.

५. कामासाठी तिचा फोन वापरला तर रिचार्जचा वाटा मालकाने द्यावा.

६. ठरलेल्या वेळेनंतर मेसेज नाही. आला तरी उत्तर न दिल्याबद्दल बोलणी नाहीत.

७. फोन उघडून दाखव असे कोणी म्हणू नये. फोन ठेवून घेतलाच तर तो बंद करून, आणि हरवला तर भरपाई मालकाची.

एकटी बाई हे मागायला गेली तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून एका बाजारातल्या, एका गल्लीतल्या बायकांनी मिळून व्यापारी संघाकडे जावे. दहा दुकानांना एकच नियम असला, तर कोणत्याही एका मालकाला 'माझेच नुकसान' म्हणता येणार नाही.

आता गटांत बसू या. प्रत्येक गटाने आपल्या कामाच्या जागेप्रमाणे ही यादी तपासावी, नको ते खोडावे, राहिले ते घालावे. आपल्या हाताने लिहिलेला कागद घेऊनच आज घरी जाऊ.