पत्रानंतरचे 39 दिवस

संध्याकाळच्या प्रसन्न वेळी शवागाराचा विषय नको, असं एका मित्रानं सुचवलं होतं. पण या विषयाला बरी वेळ कधी असते?

गोष्ट आपल्या मराठवाड्यातलीच. 25 एप्रिल 2021, रविवार. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून एक रुग्णवाहिका स्मशानाकडे निघाली. आत कोरोनानं गेलेल्या माणसांचे मृतदेह, एक नाही, दोन नाही, 22. अधिष्ठाता डॉ. शिवाजी सुक्रे यांना देशभरातून जाब विचारला गेला.

त्यांनी सांगितलं ते असं : पहिल्या लाटेत पाच रुग्णवाहिका होत्या, तीन काढून घेतल्या, दोन उरल्या. आणखी तीन द्या, असं पत्र 17 मार्चला प्रशासनाला दिलं होतं. शिवाय लोखंडी सावरगावच्या केंद्रात मृतदेह थंड ठेवायची सोय नाही, म्हणून तिथलेही इथेच येत.

17 मार्च ते 25 एप्रिल. मोजा, 39 दिवस होतात. आपण त्या एका रविवारावर तुटून पडलो. 39 दिवस ते पत्र कुणाच्या टेबलावर होतं, हे किती जणांनी विचारलं? अर्थात पत्राची स्थळप्रत म्हणजे काही ढाल नव्हे. दोन गाड्यांच्या फेऱ्या वाढवता आल्या नसत्या का, असं ज्याचं माणूस त्या गाडीत होतं तो विचारणारच. तो अधिष्ठात्यालाच विचारणार, कारकुनाला नाही.

मुंबईत त्याच्या आदल्या वर्षी, मे 2020 मध्ये, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मृतदेह आणि शेजारच्या खाटांवर उपचार घेणारे रुग्ण. अधिष्ठाता डॉ. प्रमोद इंगळे म्हणाले, नातेवाईक न्यायला येत नाहीत. शवागारात जागा 15, त्यातल्या 11 भरलेल्या. काही दिवसांतच त्यांचं पद गेलं, नायर रुग्णालयाचे डॉ. रमेश भारमल तिथं आले. जागा मात्र नवा साहेब आला म्हणून वाढत नाहीत. सप्टेंबरमध्ये त्याच रुग्णालयातून एका तरुणाचा मृतदेह भलत्याच कुटुंबाकडे गेला, त्यांनी अंत्यसंस्कारही करून टाकले. या वेळी निलंबित झाले शवागारातले दोन कर्मचारी.

शवागाराचं काम तसं साधं. अंगावर नावाची चिठ्ठी, नोंदवहीत वेळ, ताब्यात देताना ओळख आणि सही, वीज गेली तर जनरेटर. साधं असल्यामुळेच ते कुणाच्याही भरवशावर टाकलं जातं. शवागाराची फीत कापताना फोटो काढून घेणारा पुढारी मी अजून पाहिलेला नाही.

आणि पुढारी आले की काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले. आपले, म्हणजे हिंगोलीचे, तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांनी शौचालय साफ करून घेतलं. औषधं, मनुष्यबळ यांची चर्चा त्या झाडूमागे गेली.

आता हिंगोलीतही वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या अधिकाऱ्यांना हार घालायला आपण जाऊच. हार घालून झाला की तिथंच विचारू या : शवागारात जागा किती, जनरेटर कुठला, रात्री किल्ली कुणाकडे असते, आणि तुम्ही वर पाठवलेल्या कोणत्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही?