यंत्रमानवाला आजीच्या गावचं पाणी

कानात इअरफोन घालून एसटीत बसला असाल, नाहीतर फोन ओट्यावर ठेवून भांडी घासत असाल. दोन्ही चालेल. आज माझ्याच कामाबद्दल बोलतो. मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. आईच्या मते मी ‘पावडर बनवतो’. तसं ते अगदी बरोबर आहे.

माझी आजी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका गावात राहते. लहानपणी सुट्टीत गेलो की आम्ही ज्या हापशीवर पाणी प्यायचो, तिला नंतर एकदा लाल रंग मारलेला दिसला. म्हणजे हे पाणी पिऊ नका. कारण फ्लोराइड. तो कुठल्या कारखान्यातून आलेला नाही, खडकातूनच पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्या, असं आपलं भारतीय मानक सांगतं. त्याहून बराच जास्त, वर्षानुवर्षं पोटात गेला की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मग सांधे आखडतात, हाडं वाकतात. वास नाही, रंग नाही. पाणी उकळलं तर फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.

आता पावडर. घरच्या फिल्टरमधला कोळसा पाणी साफ करतो, कारण त्याला आतून असंख्य भोकं असतात. मी बनवतो ते पदार्थ त्याच जातीचे, पण ठरवून बांधलेले. धातूचे अणू म्हणजे सांधे, कार्बनी रेणू म्हणजे दांडे. मंडपवाले बांबू बांधतात ना, तसा सांगाडा, फक्त डोळ्याला न दिसणारा. मधल्या पोकळ्या इतक्या की काही ग्रॅम पावडरीच्या आतला पृष्ठभाग उलगडला तर फुटबॉलचं मैदान झाकेल. या पदार्थांना एमओएफ म्हणतात. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळालं. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्येही सुजित घोष यांचा गट पाण्यातलं प्रदूषण पकडणाऱ्या अशाच पदार्थांवर काम करतो.

गोची अशी की धातू कितीतरी, दांडे कितीतरी, वर तापमान, वेळ, द्रावक. जोड्या लावायला बसलो तर माझ्या नातवाची पीएचडी होईल. आणि त्यातले बरेचसे पदार्थ पाण्यातच मोडतात! 1999 चा गाजलेला एमओएफ-5 साध्या दमट हवेनेही ढासळतो. पाण्यात टिकणारा सांगाडा हवा असेल तर 2008 मध्ये ऑस्लोला बनलेल्या यूआयओ-66 सारखा, झिर्कोनियमवाला. झिर्कोनियमला फ्लोराइडची ओढही दांडगी. आम्ही त्याच घराण्यातले पदार्थ धुंडाळतोय.

ही शोधाशोध आमच्याकडे यंत्र करतं. चित्रपटातला रोबो डोळ्यांसमोर आणू नका. एक यांत्रिक हात, खाली 96 खळग्यांची प्लेट. हात प्रत्येक खळग्यात थेंब टाकतो, प्लेट भट्टीत जाते, तयार पावडरीवर क्ष-किरण टाकून सांगाडा बनला का ते बघतात, मग पाणी घालून किती फ्लोराइड उरला ते मोजतात. पुढे काय बनवायचं ते संगणक ठरवतो. कसं? गावात रेंज शोधताना तुम्ही काय करता? अंगणात एक कांडी, गच्चीवर दोन. मग चिंचेखाली न जाता टाकीवर चढता. थोडक्या जागा बघून पुढचा अंदाज. संगणक तेच करतो, फक्त दमत नाही. लिव्हरपूल विद्यापीठात अँडी कूपर यांच्या प्रयोगशाळेत खोलीभर फिरणाऱ्या रोबोने 8 दिवसांत 688 प्रयोग केले आणि सुरुवातीच्या मिश्रणापेक्षा सहापट चांगलं मिश्रण शोधलं. 2020 ची गोष्ट. त्याचं काम वेगळं होतं, प्रकाशाच्या मदतीने पाण्यातून हायड्रोजन काढायचा. पण शोधायची रीत हीच.

तर आमचंही यंत्र सुसाट सुटलं. काही आठवड्यांत एक पावडर अशी निघाली की आकडे बघून मी हॉस्टेलवर चहा पाजला सगळ्यांना. रात्री आजीला फोन. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “का रे बाबू, तुह्या मशीनले आमचं पाणी पाजलं का?”

नव्हतं पाजलं. आम्ही शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून फ्लोराइड टाकत होतो. सगळे असंच करतात, कारण आकडे स्वच्छ येतात.

दिवाळीला गेलो तेव्हा हापशीचे दोन कॅन भरून आणले. कंडक्टरने विचारलं, गंगाजल आहे का? त्या पाण्यात आमची लाडकी पावडर निम्म्यावर आली. कारण पुस्तकातलंच आहे. फ्लोराइड जास्त असलेलं भूजल सहसा अल्कधर्मी असतं, त्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट भरपूर. पावडरीतल्या ज्या जागा फ्लोराइडसाठी राखल्या, तिथे हे बाकीचे येऊन बसतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखे.

यंत्राची चूक नाही. विचारलं त्याचं उत्तर त्याने चोख दिलं. मला राग आला तो माझाच. मी त्या हापशीचं पाणी प्यायलेला माणूस, आणि हा प्रश्न मला सुचला नाही.

माणसाने तपासायचं ते तपासावंच लागतं. 2023 मध्ये बर्कलीच्या ए-लॅबने 17 दिवसांत 58 पैकी 41 पदार्थ यंत्राकडून बनवल्याचं जाहीर केलं. पुढे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि लेस्ली शूप यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांचे आलेख पुन्हा बघितले आणि म्हणाले, यात नवं काही सिद्ध होत नाही. तेव्हापासून मी आमचे आलेख स्वतः बघतो, डोळे चोळत का होईना.

आता आमच्या यंत्राला नवा हिशोब दिलाय. चाचणी आजीच्या गावच्या पाण्यासारख्या पाण्यातच. पावडर धुऊन पुन्हा वापरता आली तर जास्त गुण. धातू पाण्यात उतरला तर थेट बाद. आणि किंमत. कारण आमची स्पर्धा बर्कलीशी नाही, तुरटी आणि चुन्याशी आहे. नागपूरच्या नीरीने विकसित केलेली नालगोंडा पद्धत बादलीतही करता येते. त्यात गाळ होतो, मात्रा सांभाळावी लागते, पण स्वस्त आहे. तिच्यापुढे आमची पावडर आज तरी सोन्याच्या भावाची.

या नव्या हिशोबात जुनी पहिली आलेली पावडर खूप खाली घसरली. वर आलीय ती मी आधी बाजूला टाकलेली, दिसायला अगदी मामुली. दुसऱ्या कॅनमधलं पाणी तिच्यासाठीच ठेवलं होतं. आज संध्याकाळी प्लेट लावून आलोय, सकाळी आकडे येतील. आजीने सांगून ठेवलंय, दहाच्या आत फोन कर, मग ती वावरात जाते.