बिडदीचा कारखाना पाहण्यापूर्वी

(सभासदांच्या मुलामुलींच्या अभ्याससहलीच्या आदल्या संध्याकाळी बेंगळुरू येथे केलेले भाषण)

विद्यार्थी मित्रांनो, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या रेल्वे व टपाल खात्यातील बंधुभगिनींनो,

उद्या सकाळी आपण म्हैसूर मार्गावरील बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा मोटारींचा कारखाना पाहायला जाणार आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रांची माहिती तिथली जाणकार मंडळी देतील. यंत्रे बघताना माणसांकडेही बघायला विसरू नका, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

किर्लोस्कर हे नाव आपल्याला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. पुणे-मिरज मार्गावरचे ते स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याच घराण्याच्या उद्योगसमूहाने १९९७ मध्ये जपानच्या टोयोटाशी भागीदारी केली आणि १९९९ च्या अखेरीस बिडदीला गाड्या तयार होऊ लागल्या.

टोयोटाचे मूळ मात्र मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार. तोच पुढे मोटारीच्या कारखान्यात आला. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला चूक दिसली तर त्याने दोर ओढावा. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि दोष तिथल्या तिथे सुटला नाही तर लाइन थांबते.

रेल्वेवाल्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. रूळ तुटलेला दिसला तर आपला ट्रॅकमन लाल झेंडा दाखवून राजधानी एक्सप्रेससुद्धा थांबवतो. तो त्याचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही.

पण मित्रांनो, धागा तुटला तर माग थांबतो, पार्ट चुकला तर लाइन थांबते. माणूस थकला तर काय थांबते? हिशेब करून पाहू. समजा, दर १५० सेकंदांना एक गाडी लाइनवरून उतरते. साडेसात तासांच्या कामात १८० गाड्या झाल्या. आता वेळ फक्त १५ सेकंदांनी कमी करा. त्याच वेळात, त्याच हातांनी २०० गाड्या होतील. १५ सेकंद कागदावर काहीच नाहीत. पण बोल्ट आवळून घाम पुसायला मिळतात ते हेच १५ सेकंद. टपाल खात्यातील जुन्या मंडळींना बेवूर टाइम टेस्ट आठवत असेल. कोणत्या कामाला किती वेळ, त्यावरून किती माणसे, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे.

बिडदीतही हा वाद झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये एका कामगाराच्या निलंबनावरून कामगार कारखान्यातच बसून राहिले आणि दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनाने टाळेबंदी जाहीर केली. कामाचा बोजा असह्य झाला आहे, असे युनियनचे म्हणणे होते. हे बसणे बेकायदा आहे, असे कंपनीचे. आणखी निलंबने झाली, सरकारने संप व टाळेबंदी या दोन्हींना मनाई केली, तरी तंटा मार्च २०२१ पर्यंत चालला. कोरोनाच्या काळात हजारो घरांनी ते महिने कसे काढले असतील, याची कल्पना पगारावर जगणाऱ्यालाच येईल.

याचा अर्थ कारखाना वाईट, असा काढू नका. शिस्त, स्वच्छता, सुरक्षितता, दर्जा यांबाबत तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रामीण भागातील गरीब मुलांसाठी कंपनीने २००७ मध्ये तिथेच प्रशिक्षण संस्था काढली आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी अशाच एखाद्या लाइनवर उभा राहील. आम्हाला त्याचा आनंदच होईल.

म्हणून यंत्रमानव पाहून झाला की नम्रपणे तीन प्रश्न विचारा. एका गाडीला किती सेकंद, आणि ते ठरवताना कामगाराला विचारतात का? लाइनवर कायम किती आणि कंत्राटी किती? दोर ओढणाऱ्याची नंतर वाहवा होते की चौकशी?

गाडीतला दोष एकटा माणूस दोर ओढून दाखवू शकतो. कामाच्या वेगातला दोष एकट्याला दाखवता येत नाही. त्यासाठी अनेक हात एकत्र लागतात. त्या दोरालाच आपण युनियन म्हणतो. तो उठसूट ओढायचा नसतो; पण हातातून सुटूही द्यायचा नसतो.

उद्या डोळे उघडे ठेवून पाहा आणि परतीच्या गाडीत आम्हाला सांगा.

कामगार एकजुटीचा विजय असो!