मशीनच्या आधी डोळे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



शेतीमालाच्या भावाची चर्चा चाललेली असताना वेल्डिंगच्या हेल्मेटचा विषय मध्येच कुठून आला, असे काहींना वाटेल. पण आपल्या पोरांकडे बघा. कापूस आणि सोयाबीनच्या पैशात वर्ष निघत नाही म्हणून जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, सगळ्या तालुक्यांत शेतकऱ्यांची पोरे जोडधंदा शोधत आहेत. त्यातले बरेच जण वेल्डिंगकडे वळतात. काम गावातच असते. ट्रॉलीचा हुक तुटतो, वखराची पास झिजते, पेरणी यंत्राचा फण वाकतो, गोठ्याला फाटक लागते. हातात उचलून नेता येईल असे इन्व्हर्टर मशीन आता काही हजारांत मिळते आणि घरच्या सिंगल फेजवर चालते. चार दिवस कुणाच्या तरी दुकानात बसायचे आणि पाचव्या दिवशी रॉड हातात घ्यायचा, असे शिक्षण चालू आहे. आयटीआयमध्ये हाच वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, हे लक्षात ठेवा.

मशीन, केबल, होल्डर, ग्राइंडर असे सगळे घेऊन झाल्यावर जे पैसे उरतात त्यात डोळ्यांचे भागवले जाते. कुणी बाजारातला काळा चष्मा घेतो, कुणी डोळे मिचकावून काम करतो. आमचे म्हणणे एवढेच, की हा क्रम उलटा करा. आधी हेल्मेट, मग मशीन.

नुकसान नेमके कशाने होते ते आधी समजून घेऊ. वेल्डिंगच्या ठिणग्या दिसतात, त्यांची भीती वाटते. पण रॉडच्या टोकाशी जो लखलखाट होतो त्यात तीन प्रकारची किरणे असतात. दिसणारा प्रखर उजेड, न दिसणारी अतिनील किरणे आणि न दिसणारी उष्णतेची म्हणजे अवरक्त किरणे. अतिनील किरणे डोळ्याचा वरचा पारदर्शक पडदा भाजतात. आपल्याकडे त्याला ‘वेल्डिंग लागली’ म्हणतात. हे भाजणे त्या क्षणी कळत नाही. तणनाशक मारल्याबरोबर तण करपत नाही, दोन दिवसांनी करपते, तसेच हे. काम दुपारी होते आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, दिव्याकडे बघवत नाही. दिवसा काही झाले नाही म्हणून डोळ्यांना सोसले, असे पोरगा समजतो आणि तिथेच फसतो.

एक-दोन दिवसांत हे दुखणे बहुधा बरे होते. पण हाच मारा वर्षानुवर्षे होत राहिला तर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. प्रखर उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघितले तर आतला पडदा भाजू शकतो. तो दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येईलच याचा भरवसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१७ सालच्या बैठकीत तज्ज्ञांनी वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगची अतिनील किरणे या दोन्हींना कर्करोगकारक ठरवले. घाबरवायला हे सांगत नाही. हा धंदा जरूर करा, पण डोळे झाकून करा, म्हणजे नीट काचेने झाकून करा.

आता काचेचा हिशोब. काळी दिसणारी प्रत्येक काच संरक्षण देते, हा समज पहिल्यांदा काढून टाका. काचेचा काळेपणा फक्त दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील आणि अवरक्त किरणे अडवणे हा त्या काचेचा वेगळा गुण आहे, तो डोळ्यांनी बघून ओळखता येत नाही. उन्हाचा काळा चष्मा वेल्डिंगला अजिबात चालत नाही. तो ना तेवढा काळा असतो, ना बाजूने येणारा उजेड अडवतो, ना चेहरा झाकतो.

वेल्डिंगच्या काचेवर शेडचा नंबर असतो. नंबर जितका मोठा तितकी काच काळी. आपल्या गावकामाला हा हिशोब पुरेसा आहे. २.५ मिलिमीटरच्या, म्हणजे बारा नंबरच्या रॉडला १० शेड. ३.१५ मिलिमीटरच्या, म्हणजे दहा नंबरच्या रॉडला १० किंवा ११. ४ मिलिमीटरच्या, म्हणजे आठ नंबरच्या रॉडला ११ किंवा १२. सुरुवात काळ्या काचेने करा. वितळलेले लोखंड नीट दिसत नसेल तर एक नंबर खाली या, पण या हिशोबाच्या खाली जाऊ नका. गॅस कटिंगची काच बरीच उजळ, ३ ते ६ शेडची असते. ती लावून रॉडचे वेल्डिंग करू नका.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला हातात धरायचा. तो स्वस्त आहे, पण एक हात त्यातच अडकतो. शिकाऱ्याला दोन्ही हात लागतात, मग ढाल बाजूला पडते. दुसरा डोक्यावर घालायचा, कायम काळ्या काचेचा. काच चांगली असेल तर संरक्षण पूर्ण आहे. अडचण एवढीच, की तोंडावर ओढल्यावर रॉड कुठे टेकवायचा ते दिसत नाही. कसलेला कारागीर मान झटकून हेल्मेट पाडतो आणि त्याच क्षणी रॉड टेकवतो. शिकाऱ्याला ते जमत नाही. तो आधी रॉड टेकवून बघतो आणि मग हेल्मेट ओढतो. दिवसभरात पन्नास वेळा असे झाले, की रात्री डोळे सुजले म्हणून समजा.

तिसरा प्रकार आपोआप काळा होणाऱ्या काचेचा. असे हेल्मेट १९८१ साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा विक्रीला आले. काम सुरू नसताना त्यातून दिसते आणि आर्क पेटताच सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्याही आत काच काळी होते. चांगल्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरणे अडवणारा थर कायम असतो, सेल संपला तरी तो काम करतो. सेल संपल्यावर काच काळी होत नाही, म्हणून काम थांबवायचे हे मात्र खरे. नवशिक्याने शक्यतो हेच हेल्मेट घ्यावे, असे आमचे मत आहे. कारण त्यात हेल्मेट वर करून डोकावण्याची गरजच उरत नाही.

घेताना काय बघायचे? बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, लॉट नंबर आणि उगवणीचा टक्का बघतो. तीच सवय इथे लावा. ज्या खोक्यावर आणि काचेवर कुठल्याही मानकाचा क्रमांक नाही, ते घेऊ नका. आपोआप काळ्या होणाऱ्या काचेवर सहसा ईएन ३७९ असे लिहिलेले असते आणि शेजारी चार आकडे असतात. एकाला एक लागून चारही एक असतील तर काच उत्तम, आकडे वाढतील तशी प्रत उतरते. शेड ९ ते १३ बदलता यावी. उजेड ओळखणारे सेन्सर चार असले तर बरे, कारण पाइपाच्या किंवा अँगलच्या आड एखादा झाकला गेला तरी बाकीचे काम करतात. बटण सेल बदलता येतो का ते विचारा. पुढची साधी पारदर्शक पट्टी वेगळी मिळते का तेही विचारा. ठिणग्यांनी ती खराब होते, म्हणून दोन जास्तीच्या घेऊन ठेवा. डोक्यावर घालून बघा. हनुवटी आणि कानांच्या बाजूने उजेड येत असेल तर ते आपल्या मापाचे नाही. ज्याला चाळिशीचा चष्मा आहे त्याने चष्म्यासकट घालून बघावे.

रोज काम सुरू करण्याआधी हेल्मेट डोक्यावर न घालता हातभर लांब धरून सेन्सरची बाजू उन्हाकडे करा. काच काळी झाली तर काम सुरू करा. काच फुटली, चिरली किंवा काळी होईना, तर त्या दिवशी मशीन बंद. आणि हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक चष्मा घालाच. हातोडीने खपली झाडताना आणि ग्राइंडर चालवताना लोखंडाचा कण उडतो, तेव्हा हेल्मेट बहुधा वर केलेले असते.

आता आपला स्वतःचा प्रश्न. पास जोडायला नेतो तेव्हा ती धरतो कोण? आपणच. वेल्डर हेल्मेटमागे असतो आणि धरणारा शेतकरी मान फिरवून उभा असतो. आर्कचा उजेड पत्र्यावरून, पांढऱ्या भिंतीवरून परतून येतो, मान फिरवल्याने तो चुकत नाही. शेजारी पोरे टोळक्याने बघत उभी असतात. म्हणून दुकानात दुसरे हेल्मेट धरणाऱ्यासाठी हवे, आणि रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा किंवा जाड ताडपत्रीचा आडोसा हवा.

तरीही वेल्डिंग लागलीच, तर डोळे चोळू नका. अंधाऱ्या खोलीत पडा, स्वच्छ गार पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. बटाट्याची चकती, दूध, टूथपेस्ट असले काही डोळ्यांत घालू नका. मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा टाकू नका. दुखणे थांबते, पण जखम भरत नाही आणि पडदा कायमचा खराब होऊ शकतो. लोखंडाचा कण गेला असेल तर काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

१९४८ सालच्या कारखाना कायद्यात कामगाराच्या डोळ्यांसाठी ३५ वे कलम घातले होते. मालकाने आडोसा किंवा योग्य चष्मा द्यावा, असे त्यात लिहिले होते. पण वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला त्या कायद्यात दहा कामगार लागत. रस्त्याकडेच्या दोन माणसांच्या शेडला त्यातून काही मिळाले नाही. तेव्हा वरून कुणी येऊन आपले डोळे झाकील याची वाट बघू नका. गिऱ्हाईक आपण आहोत. ज्या दुकानात धरणाऱ्यासाठी हेल्मेट नाही तिथे आपण आपली पास धरणार नाही, एवढे ठरवून घरी जा. आणि ज्याच्या घरात पोरगा मशीन घ्यायला निघाला आहे त्याने पहिल्या पैशाचे हेल्मेट आणायला सांगा. पास झिजली तर नवी मिळते, डोळा नवा मिळत नाही.